काच कापणाऱ्या हिऱ्याची होरपळ

मित्रांनो, मी एक जुना हिरा आहे. हे वाचून काहींचे डोळे चमकले असतील, तर ते कृपया आवरा. मी अंगठीतला नाही, हारातला नाही आणि मुकुटातला तर नाहीच नाही. मी काचवाल्याचा हिरा. तांदळाच्या कणीएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा आणि नीट पाहिलंत तर जरा वाकडाच. पितळेच्या बोंडात मला बसवलं आहे, त्या बोंडाला लाकडी दांडी आहे आणि काच कापणं हा माझा धंदा. माझ्या भाऊबंदांत जे देखणे निघाले ते मखमलीवर बसले, उरलेले कामाला लागले. पुष्कळ घरांत असंच असतं, त्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा जन्म जमिनीच्या पोटात फार खोल झाला. त्याआधी मी साधा कार्बन होतो, म्हणजे तुमच्या पेन्सिलीतल्या काळ्या शिशाचा सख्खा भाऊ. वरून अख्ख्या डोंगरांचा भार आणि भोवती लोखंडालाही घाम फुटेल अशी आग. एवढा काळ दाबून आणि भाजून काढल्यावर कुणीही टणक होईल, तसा मीही झालो. पुढे एका ज्वालामुखीला ठसका लागला आणि त्या ठसक्यासरशी मी वर आलो.

तेव्हापासून माझा एक समज होऊन बसला की उष्णता आपलं काही बिघडवू शकत नाही. आगीतच जन्माला आलेल्याला आग काय करणार? एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. तिथे खाली हवा नव्हती.

काचवाल्याच्या दुकानात मला शेजार चांगला मिळाला. स्टोव्हवर किटलीत पाणी असे. हिवाळ्यात ते बादलीत दगड होऊन बसे, ऊन आलं की पाणी होई, किटलीत गेलं की वाफ होई आणि खिडकीच्या गार काचेला थडकून पुन्हा पाणी होऊन ओघळे. इतक्यांदा रूप बदलूनही त्याला कधी संकोच वाटला नाही. मेण होतं, ते जरा लाडीगोडी लावली की पाघळायचं. कथील होतं, ते तापलं की पाऱ्यासारखं पळायचं आणि गार झालं की मुकाट्यानं पुन्हा कथील व्हायचं. या मंडळींचं एक बरं होतं. ती निघताना परतीचं तिकीट काढूनच निघत.

काचेचा स्वभाव निराळा. ती एका झटक्यात वितळत नाही, हट्टी माणूस नमतो तशी हळूहळू मऊ पडते. पण तिला एकीकडून तापवलं आणि दुसरीकडून गार केलं की तिच्या अंगातच भांडण लागतं. तापलेला भाग फुगू पाहतो, गार भाग आक्रसून बसतो आणि त्या ओढाताणीत ती फुटते. पुष्कळ एकत्र कुटुंबं अशीच फुटलेली आहेत.

आणि कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या. त्या ओघळत नाहीत, पाघळत नाहीत. घट्ट असतात आणि तिथूनच सरळ हवा होऊन जातात. एके दिवशी कपाट उघडावं तर नुसता वास. मी त्यांना मनातल्या मनात हसत असे. म्हणायचो, काय हे जगणं! जाताना साधा डागसुद्धा मागे नाही.

काचवाल्याला गिऱ्हाइकं काका म्हणत आणि त्याच्या बायकोला काकू. मीही तेच म्हणतो. काच कापणं म्हणजे खरं तर कापणं नव्हेच. मी काचेवर एक बारीक रेघ ओढतो आणि मग त्या रेघेवर काच आपली आपण उकलते. रेघ बरोबर पडली तर आवाज येतो रेशीम फाटल्यासारखा, सुर्र. चुकली की खर्र, आणि काचेवर पांढरी भुकटी. हा आवाज ऐकता आला नाही तर काचवाला कसला? आणि काकाचे कान तर घासायच्या चाकाशेजारी बसून बसून कधीच गेले होते.

म्हणून त्या दोघांची एक पद्धत होती. काका कापायचा आणि काकू टेबलाच्या पलीकडे डोळे मिटून उभी राहायची. आवाज चांगला आला की ती मान हलवून "हं" म्हणायची, बिघडला की मान आडवी करून "अंहं". काकाला ऐकू येत नसे, पण मान दिसत असे. त्याचा एक डोळा काचेवर आणि दुसरा बायकोच्या मानेवर. हा संसार याच पद्धतीवर चालला होता आणि बरा चालला होता.

एकदा एका नवख्या गिऱ्हाइकानं विचारलं, "काकू, तुम्ही नुसत्याच उभ्या का?"

"नुसती कुठे? कापतेय की," काकू म्हणाली. "हे फक्त हात हलवतायत."

"काय म्हणाली ती?" काकानं विचारलं.

"तुमचं कौतुक केलं," गिऱ्हाईक म्हणालं.

"मग दुसरं काहीतरी म्हणाली असणार."

अशी आमची चांगली वर्षं गेली. शाळेच्या खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, आजोबांच्या तसबिरी, सगळं माझ्या टोकाखालून गेलं. काका मला कुणाच्या हातात देत नसे. हिऱ्याला एकच कोन असतो, त्या कोनात धरलं तरच तो चालतो, आणि तो कोन ज्याच्या त्याच्या हातालाच माहीत असतो. बाजारात पोलादी चाकाची स्वस्त हत्यारं आली तेव्हा सगळ्यांनी घेतली. काकानं घेतलं नाही. "चाकं गाड्यांना असतात," असं म्हणून त्यानं विषय संपवला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. अभिमानाची किंमत पुढे कुणाला चुकवावी लागते ते त्या वेळी दिसत नाही, ही त्यातली मोठीच सोय आहे.

काकूलाही एक खोड होती. काचेवरचा डाग तिला बघवत नसे. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी बसायच्या आधी खिशातून फडकं काढून त्यांची खिडकी पुसायची. एका लग्नात तिनं फोटोवाल्याच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून परत नाकावर ठेवला होता. फोटोवाला त्यानंतर बराच वेळ गोंधळलेला होता. तसबिरीवरची धूळ पुसली की हायसं वाटावं, एवढीच तिची मागणी. या खोडीनं कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं.

मग तो हिवाळा आला. नळातलं पाणी बोटं कापेल असं, रस्त्यावर बर्फाचा निसरडा थर. काका-काकूंच्या लेकीचे दिवस भरायला बराच अवकाश होता, पण तिला अवेळीच कळा सुरू झाल्या आणि मागच्या गल्लीतल्या छोट्या प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. मुलगी कसली, हातमोज्याएवढा जीव. तिथल्या सिस्टरनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं. लाकडी चौकट, काचेच्या बाजू, वर खाचेत सरकणारं जाड काचेचं झाकण आणि झाकणाच्या आत ऊब देणारे दिवे. अशी पेटी तिथे एकच होती. लेकीला ताप भरला होता. ती शेजारच्या खोलीत ग्लानीत पडून, म्हणून काकू तिकडे मुक्कामाला गेली.

घरात काका एकटा राहिला. आणि मित्रांनो, एकट्या नवऱ्याला घरातली मोडकी वस्तू दुरुस्त करायची हुक्की येते, हे निसर्गाचं आणखी एक संकट आहे.

माझं पितळी बोंड थोडं सैल झालं होतं. मी आत किंचित हलत होतो. काकानं ठरवलं की झाळकाम करून, म्हणजे सांध्यात धातू वितळवून, बोंड पक्कं करायचं. त्यानं गॅसची बत्ती पेटवली. सोनार जेव्हा हिऱ्यासकट दागिना तापवतो तेव्हा आधी हिऱ्यावर स्पिरिटमध्ये कालवलेली पांढरी भुकटी फासतो. ती भुकटी तापली की हिऱ्यावर काचेचा पातळ कोट चढतो आणि हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. काकाला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. शेजारच्या सोनारानं एकदा सांगितलं होतं. तेव्हा काकानं मान हलवली होती, पण त्याला ऐकू गेलं नव्हतं.

बत्तीची निळी जीभ माझ्यावर आली. प्रथम मला बरं वाटलं. जुन्या घरी आल्यासारखं. पितळ लाल झालं, मग शेंदरी झालं. आणि मग काहीतरी माझं अंग चाटू लागलं. ती हवा होती. खाली जमिनीत जी नव्हती ती. ती माझा एकेक कण धरून उचलत होती आणि घेऊन जात होती. मी वितळत नव्हतो. वितळलो असतो तर गार झाल्यावर पुन्हा जमलो असतो. मी जळत होतो. माझी जी धार इतकी वर्षं काच कापत आली तिचाच वायू होत होता, तुम्ही श्वास सोडताना जो सोडता तोच. मी ओरडलो. पण मला तोंड नाही, आणि काकाला कान नाहीत.

बत्ती विझली तेव्हा माझ्या अंगावर पांढरट धुकं चढलं होतं. धारेचं टोक साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. गार झाल्यावर काकानं मला उजेडात धरलं.

"काजळी बसलीय जराशी," तो स्वतःशीच म्हणाला आणि मला विजारीवर पुसून खिशात टाकलं.

मी खिशाच्या अंधारात पडून राहिलो. डांबराच्या गोळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. काकू होती. डोक्यावर शाल नाही, पायात एकच चप्पल.

"अहो! काच काढा. जाड काच. पेटीचं झाकण फुटलं!"

"काय फुटलं?"

"झाकण! पोरीचं! मी फोडलं!" तिनं दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून दाखवला आणि मग तो मोडून दाखवला. काकाला कळलं. काही गोष्टी बहिऱ्यालाही लगेच कळतात.

झालं होतं ते एवढंच. झाकणावर कुणाच्या तरी बोटांचे डाग होते. त्या डागांमुळे काकूला नातीचा चेहरा स्वच्छ दिसत नव्हता. तिनं फडकं काढलं, नळाखाली भिजवलं आणि पुसलं. आतल्या दिव्यांनी झाकण चांगलंच तापलेलं, फडकं बर्फासारखं आणि काठाला एक जुना टवका. ताडकन आवाज झाला आणि झाकणाचे तीन भाग झाले. जन्मभर काचेशेजारी उभ्या राहिलेल्या बाईला एवढं कळत नव्हतं का? कळत होतं. पण ती त्या क्षणी काचवालीण नव्हती, आजी होती.

"पोर कुठाय?" काकानं विचारलं.

"जावयाच्या छातीशी धरलीय. शर्टाच्या आत. आईला तर स्वतःलाच धड शुद्ध नाही. सिस्टर म्हणतात असं फार वेळ नाही चालायचं. ओठ निळे पडतायत हो तिचे!"

गावातला दुसरा काचवाला घाटाच्या पलीकडे अडकला होता आणि रस्ता बंद होता. आमच्याकडे तसल्या जाड काचेचा एकच तुकडा होता, दुकानाच्या जुन्या कपाटाचा. लांबीला तो झाकणाएवढा निघाला, रुंदीला जास्त. म्हणजे एकच काप. तो चुकला तर दुसरा तुकडा नाही. त्यांनी काच रजईत गुंडाळली, काकानं हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि दोघं बर्फावरून निघाली. पुढे काका, मागे काकू, मध्ये काच.

आणि काकाच्या खिशात मी. या सगळ्या माणसांत मला एकट्यालाच ठाऊक होतं की मी आता कापू शकत नाही. मित्रांनो, तुम्ही कधी परीक्षेला कोरं डोकं घेऊन गेला असाल तर माझी अवस्था तुम्हाला कळेल. फक्त माझा पेपर कोरा राहिला तर एक मूल जाणार होतं.

प्रसूतिगृहाच्या आतल्या बोळात टेबलावर घोंगडी पसरली होती. बाकावर जावई बसला होता, शर्ट पोटापर्यंत उघडा, त्यावर कोट. कोटाच्या आतून पाखराएवढी हालचाल. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बाबा, लवकर," तो एवढंच म्हणाला.

काकानं माप घेतलं, पट्टी ठेवली. आधी काठाला, फेकून द्यायच्या भागावर, त्यानं मला टेकवून ओढलं. काकूनं डोळे मिटले.

खर्र.

"अंहं."

त्यानं दांडी जरा उभी केली. खर्र. पांढरी भुकटी उडाली.

"अंहं. अहो, दाबू नका."

तिसऱ्यांदा. मी जीव काढून प्रयत्न केला. पण जी धार हवेत गेली तिला कुठून आणणार? खर्र.

काकूनं डोळे उघडले. "हा आवाज त्याचा नाहीच. काय केलंत त्याला?"

काकानं तिच्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग नखानं माझ्यावरची काजळी खरवडून पाहिली. ती निघेना.

"झाळला मी," तो हळूच म्हणाला. "सकाळी. बोंड सैल होतं."

"भुकटी लावलीत?"

"कसली भुकटी?"

"अहो, सोनारभाऊ तुमच्यासमोर बसून सांगत होते! तुम्ही माना डोलवत होतात!"

"मला वाटलं तो हवेबद्दल बोलतोय."

"हवेबद्दलच बोलत होते!"

"हिरा आहे तो! हिऱ्याला काय होतंय असं वाटलं मला!"

"आणि मला वाटलं काचेला काय होतंय!" काकूचा आवाज फाटला. "आपण दोघं मिळून मारणार आहोत त्या पोरीला. काच कळणारी माणसं म्हणे आपण!"

सिस्टर आतून आल्या. "काका-काकू, भांडण उद्या करा. मी ओरडत नाहीये, नुसतं सांगतेय. तिचा श्वास मंद होतोय."

काकानं दात आवळले आणि मला काचेवर जोरात दाबलं. असं दाबलं तर काच तिथेच चिरफाळली असती. काकूनं त्याचं मनगट धरलं आणि मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

इतक्या वर्षांत तिनं मला कधी हातात धरलं नव्हतं. तिच्या हाताला कोन माहीत नव्हता, आणि तेच बरं झालं. काकाच्या हाताला जो कोन माहीत होता तिथे आता काहीच उरलं नव्हतं. तिनं मला भाजी चिरायच्या सुरीसारखं धरलं, आडवं आणि चुकीचं, आणि काठावर हलकेच फिरवत राहिली. थोडं इकडे. थोडं तिकडे. खर्र. खर्र. मग तिनं दांडी उलटी फिरवली.

माझ्या मागच्या बाजूला एक कोपरा होता. तो पितळाच्या कुशीत अर्धा दडलेला असल्यामुळे ज्वाळेला नीट सापडला नव्हता. जन्मात कधी कामाला न आलेला कोपरा. तो काचेला टेकला.

सुर्र.

फार बारीक. पण सुर्र.

काकू थबकली. "आला," ती म्हणाली. आणि मग घाबरली. "पण आता मी कापू की ऐकू? माझ्या छातीतच एवढी धडधड होतेय की मला काही ऐकूच येईना."

काकानं काही विचारलं नाही. त्यानं दोन्ही तळहात घासून गरम केले, टेबलाच्या पलीकडे जिथे ती उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिला आणि बोटांची टोकं काचेवर टेकवली. डोळे मिटले. चांगला काप काचेत कसा थरथरतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, कानांचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"ओढ," तो म्हणाला.

तिनं पट्टीला लावून मला ओढायला सुरुवात केली.

"हं," काका म्हणाला. "हं. हं. सावकाश. हं."

मी जात होतो. त्या लहानशा कोपऱ्यावर माझा सगळा भार होता. मी आयुष्यात शेकडो काचा कापल्या, पण एवढी लांब काच मला कधी भेटली नव्हती. अर्ध्याच्या पुढे गेलो. पाऊण अंतर झालं. आणि मग, वीतभर अंतर उरलं असताना, तो कोपरा तुटला.

"अंहं!" काका ओरडला आणि काकूनं हात उचलला.

कोटाच्या आतली हालचालही मला दिसत नव्हती. जावई कोटात तोंड घालून पुन्हा पुन्हा फुंकर घालत होता.

"वीतभर उरलंय," काकू म्हणाली. "असंच मोडलं तर तिथून तिरकं जाईल."

"तडा हाकू," काका म्हणाला.

सिस्टरच्या उकळत्या पाण्याच्या शेगडीवर त्यानं पिशवीतला लोखंडी गज लाल केला. तडा हाकणं म्हणजे काय ते सांगतो. जिथे रेघ संपते तिथे तापलेल्या लोखंडाचं टोक टेकवायचं. काच तिथे फुगते, भोवतालची गार काच तिला जागा देत नाही आणि तडा पुढे सरकतो, लोखंडाच्या मागे मागे. जनावराला हाकावं तसं. जरा घाई झाली की तो उधळतो आणि वाटेल तिकडे जातो.

काकानं लोखंड टेकवलं. काचेत बारीक टिक् झालं आणि रेघेच्या टोकातून एक चंदेरी केस वाढला. त्यानं लोखंड बोटभर पुढे नेलं. केस थांबला, मग आला. पुन्हा पुढे. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब लोंबत होता. तो काचेवर पडला असता तर तिथेच खेळ संपला असता. काकूनं फडक्यानं त्याचं नाक पुसलं. आजच्या दिवसातलं तिचं हे पहिलंच योग्य पुसणं.

तडा काठाला पोचला. काच दोन भागांत सुटली, सरळ.

जावई ताडकन उठला. "द्या इकडे! बसवा लवकर!"

"थांब," काकू म्हणाली.

"आई, थांबायला वेळ कुठाय?"

"ही काच बाहेरच्या थंडीतून आलीय. दिव्यांवर अशीच ठेवली तर तीही फुटेल. आणि ही फुटली तर दुसरी नाही. एकदा घाई केलीय मी आज."

तिनं कडा घासायच्या दगडानं काठाची धार मोडली. मग कोट काढला, स्वेटरची बटणं सोडली आणि ती बर्फासारखी काच पोटाशी आणि छातीशी धरून बाकावर बसली. वरून रजई. तिचा श्वास एकदम आत ओढला गेला, दात वाजू लागले. एका बाकावर जावई मुलीला ऊब देत होता आणि शेजारी सासू काचेला. सिस्टरनी गरम पाण्याच्या पिशव्या आणून आधी पायाशी, मग जरा वर, मग रजईच्या घडीत ठेवल्या. प्रत्येकाला वाटत होतं आता बसवावी, आणि प्रत्येक वेळी काकू मान आडवी करत होती. जावई रडत होता. मी तिच्या मुठीत होतो. मला तिचं काळीज ऐकू येत होतं आणि ते काही चांगल्या आवाजात चाललेलं नव्हतं.

अखेर तिनं काचेला गाल लावून पाहिला. "हं," ती म्हणाली.

आतल्या खोलीत पेटीचं झाकण खाचेत सरकलं. दिवे आत. मुलगी आत. सगळ्यांची डोकी काचेवर वाकली, आणि काकूनं हात मागे बांधून घेतले, कारण काचेवर लगेच श्वासाचं धुकं धरलं होतं आणि तिचा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "ओठ बघा."

निळे होते ते आधी राखाडी झाले, मग फिकट गुलाबी. आणि मग आतून एक आवाज आला. मांजराच्या पिल्लापेक्षाही लहान, चिडका, तक्रारीचा. काकाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यानं काचेच्या बाजूला बोटं टेकवली आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

काकू तिथून निघून बोळात गेली आणि भिंतीशी खाली बसली. आता ती थरथरायला लागली. बोटं पांढरी, वाकत नव्हती. मी त्या बोटांत अडकून होतो. सिस्टर शेगडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हात धरा त्यावर."

"नको," काका म्हणाला. तो तिच्यासमोर बसला, तिचे दोन्ही हात, माझ्यासकट, आपल्या स्वेटरच्या आत काखेत धरले. ती शहारली.

"गार आहेत," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"गार आहेत हात."

"असू देत. हळूहळू होतील."

"मी फोडलं हो ते."

त्याला ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्यानं फक्त हात आणखी घट्ट दाबले. मग म्हणाला, "बघ, तुझा काप माझ्यापेक्षा सरळ आला. आता उद्यापासून मी उभा राहतो पलीकडे."

"आणि कापू कशानं? तो तर संपला."

मित्रांनो, ती बोलली ते खरं होतं. माझ्या अंगावर आता एकही धार नाही. ती नात दोन महिन्यांनी पेटीतून बाहेर आली. आता ती चालते आणि तिचीही बोटं काचेवर उमटतात. ते डाग काकू पुसते, पण आधी हाताच्या मागच्या बाजूनं काच तापलीय का ते पाहते. घरात पोलादी चाकाचं हत्यार आलं आहे आणि काका त्याला नावं ठेवत नाही. मी खिडकीत पडून असतो.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तापलेल्यावर एकदम गार ओतू नका, गारठलेल्याला एकदम आगीपाशी नेऊ नका. वस्तू असो की माणूस, ऊब द्यायची तर सावकाश द्या आणि तोवर जवळ बसून राहा. आणि जो दिसायला टणक आहे त्याला विचारल्याशिवाय बत्ती लावू नका. तो सांगू शकत नसतो.

शेवटचं सांगतो. हिऱ्यातून उष्णता इतक्या झपाट्यानं निघून जाते की त्याच्याजवळ काहीच उरत नाही. त्या दिवशी त्या दोघांच्या मधोमध मी होतो. काकाची ऊब माझ्यातून काकूकडे गेली, सगळीच्या सगळी. मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, थोडी आपल्याकडे राहिली असती तर बरं झालं असतं.